पिनबॉल : नशीब नेमकं कुठल्या स्क्रूवर असतं?

भाग ऐकून झाला असेल तर हा त्याचाच लिहिलेला मजकूर आहे, फक्त बोलताना वेळेअभावी सुटलेल्या काही गोष्टी इथे वाढवल्यात. भाग ऐकला नसेल तरी हरकत नाही, सरळ इथून वाचा.

माझ्या वयाच्या बहुतेकांनी पिनबॉल पहिल्यांदा पाहिला तो विंडोज एक्सपीमध्ये. जालन्यात काय, अंबडला काय, एमएस-सीआयटीच्या क्लासमध्ये सर बाहेर गेले की अर्ध्या कॉम्प्युटरवर तोच खेळ चालू असायचा. स्पेसबार दाबून धरायचा, सोडला की चेंडू वर उडायचा. 'झेड' दाबला की डावा फ्लिपर, तिरक्या रेघेचं बटण दाबलं की उजवा. टेबलाला धक्का देण्याचीही बटणं होती. पण धक्के जास्त झाले की बाजूला 'टिल्ट' असा शब्द यायचा, फ्लिपर मरायचे आणि चेंडू डोळ्यांदेखत खड्ड्यात जायचा. ही शिक्षा कशाची, ते तेव्हा कुणालाच माहीत नव्हतं.

(जाता जाता : तो खेळ व्हिस्टात का आला नाही, ते मायक्रोसॉफ्टच्या रेमंड चेन यांनी नंतर सांगितलं. ६४ बिटवर नेताना टक्कर ओळखणारा कोड बिघडला, चेंडू वस्तूंच्या आरपार जायला लागला, आणि तो जुना कोड कुणाला नीट उलगडेना. आमच्या धंद्यात ही गोष्ट ऐकून कुणी हसत नाही.)

तर त्या 'टिल्ट'च्या मागे एक खरं लाकडी-लोखंडी मशिन आहे, आणि त्या मशिनच्या मागे शंभर वर्षांचं भांडण : हा खेळ नशिबाचा की कौशल्याचा? भांडण कोर्टात गेलं, महापौरांकडे गेलं, हातोड्यापर्यंत गेलं. मला मात्र जुन्या मशिनच्या दुरुस्तीबद्दल वाचता वाचता असं दिसायला लागलं की याचं उत्तर कायद्याच्या पुस्तकात नव्हतंच. ते मशिनच्या पोटात होतं. एक खिळा, एक स्क्रू, एक स्प्रिंग, आणि तो ज्याच्या हातात आहे तो माणूस.

सुरुवात आपल्याच घरातून करू, कारण पिनबॉलचा पूर्वज आपल्याकडे माळ्यावर पडलेला असतो. बॅगाटेल. उन्हाळ्याच्या सुट्टीत मामाकडे कॅरम आणि पत्त्यांच्या जोडीला असायचा तो. प्लायवूडची पाटी, वरून कमानीसारखी गोल, अर्धवर्तुळात ठोकलेले खिळे, मध्ये ५०, १००, ५०० असे आकडे, उजव्या कोपऱ्यात स्प्रिंगचा दांडा, आणि बेअरिंगचे छर्रे. आमच्या मोठ्या दादानं ५०० च्या घरासमोरचा एक खिळा पक्कडीनं केसभर उघडून ठेवला होता. बाहेरून बघितलं तर काही कळायचं नाही. डाव्या अंगानं येणारा छर्रा मात्र तिथे बरोबर आत शिरायचा, आणि दादा नेहमी डावीकडूनच मारायचा. शिवाय पाटीच्या पायाखाली पेपरची घडी कोण आणि किती घालतं यावरून रोज वाद. पुढे जे सगळं सांगणार आहे ते या एका पाटीत आधीच आहे बघा : खिळ्याचा कोन, पाटीचा उतार, स्प्रिंगचा ताण.

बॅगाटेल हे नाव फ्रान्समधलं. सोळाव्या लुईच्या धाकट्या भावानं १७७७ मध्ये पॅरिसजवळ बॅगाटेल नावाचा छोटा महाल बांधला, आणि तिथल्या मेजवानीत हा टेबलावरचा खेळ लोकप्रिय झाला असं सांगतात. तेव्हा चेंडू बिलियर्डसारखा काठीनं मारायचा. आपल्या ओळखीचा स्प्रिंगचा दांडा बराच नंतर आला. इंग्लंडमधून अमेरिकेत सिनसिनाटीला जाऊन स्थायिक झालेल्या माँटेग्यू रेडग्रेव्ह यांनी १८७१ मध्ये त्याचं पेटंट घेतलं. काठी गेली, टेबल लहान झालं, पाटी तिरकी झाली, चेंडूच्या जागी गोट्या आल्या. मामाकडची पाटी म्हणजे थोडक्यात रेडग्रेव्हची पाटी.

पुढची साठ वर्षं तशी शांत गेली, ती सोडून देऊ. १९३१ मध्ये शिकागोत डेव्हिड गॉटलिब यांनी 'बॅफल बॉल' नावाचं मशिन काढलं. किंमत १७.५० डॉलर, दुकानाच्या काउंटरवर मावेल एवढा आकार. एक सेंट टाकला की काही चेंडू मिळायचे. ती महामंदीची वर्षं होती, लोकांच्या हाताला काम नव्हतं, आणि एका सेंटमध्ये दहा मिनिटं जात होती. मशिन प्रचंड खपलं. पुढच्याच वर्षी रेमंड मोलोनी यांनी 'बॅलीहू' आणलं, त्यावरून त्यांच्या कंपनीचं नाव बॅली पडलं. शिकागो ही पिनबॉलची राजधानी झाली ती तेव्हापासून.

आता या मशिनांना फ्लिपर नव्हते, हे लक्षात घ्या. चेंडू एकदा उडवला की तुमच्या हातात काही नाही. दुकानदार जास्त गुणांवर सिगारेट, चॉकलेट, कधी रोख पैसे द्यायचा. म्हणजे खिळ्यांची ती जागा म्हणजे दुकानदाराचा नफा. मग तो काय करणार? दादानं केलं तेच. लहान हातोडी घेऊन एखादा खिळा इकडे, एखादा तिकडे. खेळणाऱ्याला वाटायचं आज आपलं नशीबच नाही.

याच गोष्टीचा जपाननं चक्क व्यवसाय केला. तिथे पाचिंको नावाचा उभा पिनबॉल आहे, त्याचं मूळही बॅगाटेलच. साधारण ११ मिलिमीटरचे छर्रे शेकडो पितळी खिळ्यांमधून खाली येतात. तिथे 'कुगीशी' नावाचे कारागीर असत, शब्दशः खिळेवाले. रात्री दुकान बंद झालं की ते छोटी हातोडी आणि गेज घेऊन खिळे मिलिमीटरच्या अंशानं उघडायचे नाहीतर मिटायचे. कोणतं मशिन उद्या देणार आणि कोणतं खाणार हे त्या हातोडीवर. पट्टीचे खेळाडू सकाळी दुकान उघडलं की आधी काचेला नाक लावून खिळे वाचायचे आणि मगच बसायचे. विचार करा, यात नशीब कुणाचं आणि कौशल्य कुणाचं?

परत शिकागोकडे. खेळणाराही काही साधा नव्हता. खिळे वाकवून ठेवलेत तर मी मशिनच हलवतो, असा त्याचा हिशोब. लोक टेबल उचलायचे, खालून बुक्की मारायचे, चेंडू हव्या त्या भोकात पाडायचे. हॅरी विल्यम्स नावाचे एक डिझायनर होते. त्यांनी आपल्या मशिनला लोक खालून चापट्या मारतात हे पाहिलं आणि वैतागून मशिनच्या तळाला खिळे ठोकले, टोकं बाहेर. हे क्रूर आहे हे त्यांचं त्यांनाच लवकर पटलं, आणि त्यातून टिल्टचं यंत्र निघालं. आधी एका छोट्या खांबावर ठेवलेली गोळी : मशिन हललं की गोळी पडणार आणि चोरी उघड होणार. मग त्याहून चांगलं काहीतरी, आणि ते बघून आपल्याकडचा कुठलाही गवंडी हसेल. ओळंबा! एका तारेला वजन टांगलेलं, भोवती धातूची कडी. मशिन जास्त हललं की वजन कडीला टेकणार, सर्किट पूर्ण होणार, खेळ बंद. विंडोजमधला 'टिल्ट' हा शब्द त्या ओळंब्याचा नातू आहे.

ओळंब्याचं वजन एका स्क्रूनं वर-खाली सरकतं. कडीपासूनचं अंतर वाढवलं की खेळणाऱ्याला धक्का मारायला मुभा, कमी केलं की खोकला आला तरी टिल्ट. म्हणजे चोरी कशाला म्हणायचं, हेसुद्धा स्क्रूवरच.

मग मोठा फटका बसला. न्यूयॉर्कचे महापौर फिओरेलो ला गार्डिया यांचं म्हणणं सरळ होतं : हा जुगार आहे, त्यामागे गुंड आहेत, आणि शाळकरी पोरांच्या डब्याचे पैसे यात जातात. जानेवारी १९४२ मध्ये शहरात बंदी आली. पोलिसांनी हजारो मशिनं उचलली, महापौरांनी फोटोग्राफर बोलावून स्वतः हातोडा चालवला, धातू युद्धाच्या कामाला गेला. ही बंदी ३४ वर्षं टिकली. लॉस एंजेलिस, शिकागो अशा मोठ्या शहरांतही बंद्या होत्या. पिनबॉलची राजधानी जिथे, तिथेच पिनबॉल बेकायदा! माझं मत विचाराल तर १९४२ मध्ये ला गार्डिया फार चुकीचे नव्हते. फ्लिपर नसलेलं, खिळे वाकवता येणारं, जिंकलं तर पैसे देणारं मशिन म्हणजे दुसरं काय असतं?

पण १९४७ मध्ये एक भाग आला आणि खेळच बदलला. गॉटलिब कंपनीचं 'हम्प्टी डम्प्टी', डिझायनर हॅरी मॅब्ज. त्यात सहा फ्लिपर होते, बाजूंना, तोंड बाहेर करून. पुढच्याच वर्षी स्टीव्ह कॉर्डेक यांनी 'ट्रिपल ॲक्शन'मध्ये दोनच फ्लिपर ठेवले, तळाशी. आज आपण पिनबॉल म्हटल्यावर जे डोळ्यांसमोर येतं ते हेच. चेंडू खाली आला की संपलं, हा नियम गेला. आता खाली आलेला चेंडू तुम्ही परत वर मारू शकता, धरू शकता, नेम धरू शकता.

आता जरा इथे थांबू, कारण दुरुस्तीवाल्यांचं सगळं जग या फ्लिपरभोवती फिरतं. आणि जालन्याच्या माणसाला ते समजायला अवघड नाही. फ्लिपरच्या खाली एक कॉइल असते, म्हणजे तांब्याच्या वायरचं वेटोळं, त्यात एक लोखंडी प्लंजर. बटण दाबलं की प्लंजर आत खेचला जातो आणि फ्लिपर उडतो. पण या कॉइलमध्ये खरं तर दोन वेटोळी असतात. एक जाड वायरचं, ताकदीचं, फटका मारणारं. दुसरं बारीक वायरच्या भरपूर फेऱ्यांचं, फक्त फ्लिपर वर धरून ठेवणारं. फटका मारून झाला की जाड वेटोळ्याचा जोर काढून घ्यायला हवा, नाहीतर कॉइल जळेल. हे काम करतो एक छोटा पत्तीचा स्विच. फ्लिपर पूर्ण वर आला की शेवटच्या क्षणी तो उघडतो आणि करंटला बारीक वेटोळ्यातूनही जावं लागतं.

ज्यांनी लुना नाहीतर जुनी चेतक वापरलीय त्यांनी सीबी पॉइंट पाहिलाय. हा स्विच म्हणजे त्याचा सख्खा भाऊ. पॉइंट उघडलाच नाही तर कॉइल जळणार. नीट मिटला नाही, मध्ये काजळी बसली, तर फटक्यात जीवच राहत नाही. चेंडू अर्ध्यातून परत येतो, आणि खेळणाऱ्याला वाटतं आपलाच नेम चुकला. मेकॅनिक काय म्हणायचा आठवतं? 'पॉइंट घासून देतो, पळेल.' इथेही तेच, पण एक फरक आहे. फ्लिपरच्या या स्विचचे पॉइंट टंगस्टनचे, टणक, त्यांना बारीक कानस चालते. बाकी गुण मोजणारे शेकडो स्विच चांदीच्या पॉइंटचे. त्यांच्यावर काचकागद फिरवलात तर चांदी जाते आणि रोग कायमचा होतो. तिथे कडक कागदाची पट्टी मध्ये धरून हलकेच ओढायची.

आणि जळालीच कॉइल तर? अमेरिकेत लोक नवीन मागवतात. आपल्या जिल्ह्यात दर दोन गल्ल्यांनंतर मोटार भरणारा बसलेला आहे. विहिरीवरची पाच एचपीची मोटार जळाली की शेतकरी ती भरायला टाकतो. भरणारा जुनी वायर उलगडतो, फेऱ्या मोजतो, गेज बघतो, नवीन इनॅमलची वायर गुंडाळतो आणि वार्निश देतो. फ्लिपरची कॉइल त्या मानानं खेळणं आहे. फक्त दोन वेटोळी आहेत, गेज वेगळी आहेत, आणि फेऱ्या अंदाजानं नाही, मोजूनच घालायच्या. दहा-वीस टक्के कमी घातल्या तर फ्लिपर इतका जोरात मारेल की वरचं प्लास्टिक फुटेल. अंदाजे मारलेली कॉइल म्हणजे वेगळाच खेळ झाला.

जुनं मशिन उघडलं की पहिला मोह होतो तेल घालायचा. तो आवरायचा. वर्षानुवर्षं कुणीतरी घातलेलं ग्रीस डांबरासारखं घट्ट झालेलं असतं, आणि निम्मे दोष त्यामुळेच असतात. प्लंजर ज्या नळीत सरकतो ती कोरडी आणि स्वच्छ हवी. प्लंजरचं टोक हजारो वेळा आदळून छिन्नीच्या डोक्यासारखं पसरतं आणि नळीत अडकतं. ते कानशीनं परत गोल करायचं नाहीतर बदलायचं. रबरी रिंगा सुकून तडकतात, आणि तडकलेल्या रबरावरून चेंडू उसळत नाही, नुसता पडतो. चेंडू स्वतः पोलादाचा, २७ मिलिमीटरचा, ८० ग्रॅमच्या आसपास. त्यावर गंजाचे खड्डे पडले असतील तर तो पाटीवरचा रंग काचकागदासारखा खात जातो. नव्या चेंडूइतकी स्वस्त दुरुस्ती दुसरी नाही. पत्तीच्या स्विचचं अंतर लावताना आधी बुडाचे स्क्रू आवळायचे, मग पत्ती मुळापाशी धरून वाकवायची. टोकाला धरून वाकवली की ती कायमची वेडीवाकडी.

१९७७ च्या आसपास मायक्रोप्रोसेसर आले. त्याआधीच्या मशिनमध्ये एकही चिप नाही. सगळं तर्कशास्त्र रिले, कॅम आणि पायरी-पायरीनं फिरणाऱ्या चकत्यांचं. ५० गुण मिळाले की एक मोटार फिरते आणि तिच्या कॅमवर बसलेले स्विच दहाच्या आकड्याला पाच ठोके देतात, टक-टक-टक-टक-टक. तुम्ही ते मोजू शकता. नवा खेळ सुरू केला की गुणांच्या चकत्या शून्यावर येईपर्यंत मशिन ठोके देत राहतं. शून्यावर आल्याचं सांगणारा एक स्विच जरी मिटलेला राहिला, तरी मशिनला कळतच नाही की काम झालं, आणि मोटार घरघर फिरत राहते. आम्ही ज्याला इन्फिनिट लूप म्हणतो तो असा कानानं ऐकू येतो. डिबगिंग म्हणजे टॉर्च घेऊन कुठली पत्ती उघडली नाही ते बघणं.

अशी अमेरिकन मशिनं भारतात लावायची तर अजून एक गोम आहे. ती ११५-१२० व्होल्टवर आणि ६० हर्ट्झवर चालायला बनली. व्होल्टेजसाठी स्टेप-डाउन ट्रान्सफॉर्मर मिळतो. पण हर्ट्झ कोण बदलणार? आपल्या ५० हर्ट्झवर ती ठोके देणारी मोटार सहातला एक भाग कमी वेगानं फिरते. तेच पाच ठोके, पण जरा रेंगाळत. खेळ बिघडत नाही, पण ताल बदलतो.

आता मुद्द्याचं. सगळं स्वच्छ झालं, सगळं चालायला लागलं, तरी दुरुस्ती करणाऱ्यापुढे एक प्रश्न उरतोच, तो म्हणजे लावायचं कसं? फ्लिपरच्या शेजारी दोन्ही कडांना गल्ल्या असतात, चेंडू तिथून गेला की गेला. त्या गल्लीच्या तोंडाशी एक खुंटी असते. बऱ्याच मशिनमध्ये त्या खुंटीला एकाऐवजी दोन-तीन भोकं दिलेली असत, आणि कारखान्याच्या पुस्तिकेत चक्क लिहिलेलं असायचं : या भोकात लावली तर खेळ उदार, या भोकात लावली तर कंजूस. मागच्या पायांच्या तळाचे स्क्रू फिरवले की उतार वाढतो. त्या काळच्या मशिनला साडेतीन अंशांच्या आसपासचा उतार पुरतो. वाढवला की चेंडू वेगानं येतो आणि नवख्याला हात हलवायला वेळच मिळत नाही. गवंड्याची लेव्हल आडवी ठेवून बघितली नाही, तर चेंडू सगळा वेळ एकाच बाजूला ओढ घेतो. किती गुणांवर फुकट खेळ द्यायचा, तेही आतल्या बाजूच्या प्लगनं ठरतं.

म्हणजे एकच मशिन, एकच नाव, एकच चित्र. एका दुकानात त्यावर सराव केलेला माणूस तासभर खेळतो, आणि शेजारच्या दुकानात तोच माणूस पाच मिनिटांत बाहेर. मग कोर्टानं कुठल्या मशिनला कौशल्याचं म्हणायचं?

अमेरिकेतली कोर्टं यावर बरीच अडखळली. फुकट खेळ मिळणं हे बक्षीस आहे की नाही यावरच वर्षं गेली. १९५७ मध्ये तिथल्या सर्वोच्च न्यायालयानं ठरवलं की फ्लिपर नसलेली, फुकट खेळांच्या बदल्यात दुकानदार रोख पैसे देतो अशी पिनबॉल मशिनं कर लावण्यापुरती जुगाराचीच. गॉटलिब कंपनीनं १९६० मध्ये पळवाट शोधली : फुकट खेळ द्यायचाच नाही, त्याच खेळात एक चेंडू जास्त द्यायचा. म्हणजे बक्षीस नाही, नुसता लांबलेला खेळ. आत फरक फक्त काही वायरींचा.

न्यूयॉर्कची बंदी उठली १९७६ मध्ये, आणि ती गोष्ट सिनेमासारखी आहे. नगर परिषदेच्या समितीपुढे रॉजर शार्प नावाच्या पत्रकाराला बोलावलं. त्यांनी खेळून सिद्ध करायचं होतं की यात कौशल्य आहे. दोन मशिनं आणली होती, एक खेळायला, एक बिघाड झालाच तर. एका सदस्याला शंका आली की मुख्य मशिनमध्ये कुणीतरी काही करून ठेवलं असेल, म्हणून शार्प यांना दुसऱ्यावर खेळायला लावलं. शार्प यांनी फ्लिपरनं बराच खेळ दाखवला, तरी समोरच्या चेहऱ्यांवर हलचल नाही. मग त्यांनी आधी सांगून स्प्रिंगचा दांडा ओढला : चेंडू वरच्या मधल्या गल्लीतून जाईल. आणि तो गेला. बंदी उठवायला मंजुरी मिळाली. शार्प यांनी नंतर कबूल केलं की त्या शेवटच्या फटक्यात नशिबाचाही हात होता.

या गोष्टीत सगळे त्या फटक्याचं कौतुक करतात. मला त्या संशयी सदस्याचं जास्त कौतुक वाटतं. त्याला कळलं होतं की प्रश्न खेळाचा नाही, मशिन कुणी लावलंय त्याचा आहे.

आपल्याकडे हा वाद पिनबॉलवरून झाला नाही, पण शब्द तेच. मुंबई जुगार प्रतिबंध कायदा १८८७ चा, त्याच्या १३ व्या कलमात निव्वळ कौशल्याचे खेळ वगळले आहेत. आपला मराठवाडा तेव्हा निजामाकडे होता, तिथला जुगाराचा कायदा १३०५ फसलीचा, त्यातही कौशल्याच्या खेळाला तशीच सूट. १९५७ मध्ये, योगायोगानं अमेरिकेतला तो निकाल लागला त्याच वर्षी, आपल्या सर्वोच्च न्यायालयापुढे चमारबागवाला यांच्या बक्षिसाच्या शब्दकोड्यांचं प्रकरण आलं. यश बऱ्याच अंशी कौशल्यावर अवलंबून असेल तर तो जुगार नाही, हे सूत्र तिथून आलं. दहा वर्षांनी सिकंदराबादच्या एका क्लबातल्या रमीचा खटला त्याच निजामी कायद्याखाली आला आणि न्यायालय म्हणालं, रमीत पत्ते लक्षात ठेवावे लागतात, ती मुख्यतः कौशल्याची. तीन पत्ती तशी नाही.

पण पत्त्याच्या जोडाला स्क्रू नसतो. जोड नीट पिसला की सगळ्यांना सारखाच. मशिन तसं नसतं. हे आपल्या न्यायालयानं १९९५ मध्ये ओळखलं, बंगळुरूच्या व्हिडिओ गेम पार्लरांच्या प्रकरणात, एम. जे. शिवानी विरुद्ध कर्नाटक राज्य. काही खेळ निव्वळ नशिबाचे, काही मिश्र, आणि मशिनमध्ये फेरफार करून निकाल फिरवता येतो, असं तिथे नोंदवलं गेलं. म्हणून पार्लरला परवाना आणि तपासणी लागू शकते. न्यूयॉर्कच्या त्या सदस्याला जे सुचलं होतं, ते इथे निकालपत्रात आलं.

अंबडला मत्स्योदरी देवीच्या नवरात्रात किंवा राजूरला गणपतीच्या यात्रेत फुगे फोडायच्या बंदुकीजवळ उभे राहा. तिची माशी जरा वाकडी आहे अशी तक्रार करणारा माणूस दोन मिनिटांत भेटेल. रिंग फेकायच्या स्टॉलवर रिंग आणि ठोकळा यांच्यात किती फट आहे, हे मोजून मगच दहा रुपये काढणारे आजोबाही भेटतील. ते आजोबा म्हणजे पाचिंकोच्या काचेला नाक लावणाऱ्यांचेच भाऊबंद. त्यांना निदान फट दिसते तरी.

मी ज्या धंद्यात आहे तिथे फट दिसत नाही, म्हणून हा सगळा इतिहास मला जुना वाटत नाही. खुंटीची ती भोकं आता सर्व्हरवर एका आकड्यात असतात. तो आकडा रात्री दोन वाजता बदलता येतो आणि तुम्हाला कुठला खिळा हलला ते कधीच कळत नाही. ऑगस्ट २०२५ मध्ये संसदेनं ऑनलाइन गेमिंगचा कायदा केला. त्यात पैसे लावून खेळायचे ऑनलाइन खेळ बंद केले, आणि व्याख्येतच लिहिलं की खेळ कौशल्याचा असो, नशिबाचा असो की दोन्हींचा, फरक पडत नाही. १८८७ पासून आपण ज्या एका शब्दावर भांडत होतो तो शब्दच या कायद्यानं बाजूला ठेवला. हे बरोबर की चूक, यावर माझ्या ऑफिसात दोन तट आहेत आणि दोघांकडेही मुद्दे आहेत.

जुनी पिनबॉल मशिनं दुरुस्त करणारे लोक मात्र बहुतेक उदार भोकच निवडतात. घरी ठेवायचं मशिन, नाणं टाकायचं नाही, नफा कुणाचाच नाही. काही जण आठवडाभर उदार भोकावर खेळून हात बसला की मग खुंटी स्वतःच कंजूस भोकात सरकवतात.

पुढच्या भागात भेटू. तोवर कुणाच्या माळ्यावर बॅगाटेल असेल तर खाली काढा आणि खिळे एकदा नीट बघून घ्या.